मोजल्याशिवाय केलेली सही

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. मिरज भागात जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून दहा वर्षं वॉर्डात काढली, २०१७ साली इंग्लंडला आल्या, परीक्षा देऊन पिन (नर्स म्हणून नोंदणीचा क्रमांक) मिळवला. मिडलंड्समधल्या ४६ खाटांच्या एका केअर होममध्ये आधी नर्स, मग डेप्युटी आणि दीड वर्षापूर्वी रजिस्टर्ड मॅनेजर झाल्या. नर्स कमी, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मॅनेजर असूनही फ्लोअरवर ड्युटी करत होत्या. मागच्या हिवाळ्यात तिथल्या ८४ वर्षांच्या एका आजींना रात्रपाळीच्या नर्सने फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा नवा पॅच लावला, जुना काढायचा राहिला. पहाटे आजी हाक मारूनही जाग्या होईनात, श्वास मंदावलेला. रुग्णवाहिका बोलवावी लागली. हॉस्पिटलमध्ये अंगावर दोन पॅच सापडले आणि तिथून स्थानिक कौन्सिलच्या सेफगार्डिंग (असुरक्षित माणसांच्या संरक्षणाच्या) विभागाला कळवण्यात आलं. रुग्णवाहिका आली तेव्हा चार्टवरचा ‘जुना पॅच काढला’ हा रकाना कोरा होता. तासाभराने तिथे रात्रीच्या नर्सची आद्याक्षरं दिसली. ताईंनी ती पाहिली आणि गप्प राहिल्या. ती नर्स लातूरकडची, नवी, दोन लहान मुलं आईकडे ठेवून आलेली, यांना ‘ताई’ म्हणणारी. शिवाय त्या महिन्याच्या औषधांच्या ऑडिटवर ‘पॅच चार्ट तपासले’ या ओळीसमोर ताईंची स्वतःची सही आहे. चार्ट त्यांनी उघडले नव्हते. आजींच्या मुलीला त्यांनी ‘औषधाने जरा गुंगी आली’ एवढंच सांगितलं. आता एनएमसीचं, म्हणजे ब्रिटनमधल्या नर्सेसची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या परिषदेचं, पत्र आलं आहे. कंपनी म्हणते शांतपणे राजीनामा द्या. नवरा म्हणतो मिरजेला परत जाऊ. ताई विचारतात : “पॅच मी लावला नाही. मी नर्स म्हणून काम करत नव्हते, मॅनेजर होते. मग गदा माझ्या पिनवर का? आणि चार्टचं मी सांगायलाच हवं का? खरं बोलले तर आम्ही दोघी संपलो.”

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. खरं बोललात तर संपाल असं तुम्हाला वाटतं. मला नेमकं उलटं वाटतं, आणि का ते पुढे सविस्तर सांगणार आहे. पण त्याआधी तुमचा पहिला प्रश्न. ‘मी नर्स म्हणून काम करत नव्हते’ हे वाक्य तुम्ही एनएमसीला पाठवायच्या उत्तरात लिहिलंत, तर त्याने तुमचं जितकं नुकसान होईल तितकं त्या पॅचनेही होणार नाही.

इंग्लंडमध्ये केअर होमचा मॅनेजर नर्सच असला पाहिजे असा नियम नाही. तुम्ही सीक्यूसीकडे (इंग्लंडमधल्या केअर होमवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) मॅनेजर म्हणून नोंदलेल्या आहात आणि एनएमसीकडे नर्स म्हणून. दुसरी नोंदणी घेतली म्हणून पहिली खांद्यावरून उतरत नाही. एक साधी गोष्ट आठवून बघा. दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशनला (नोंदणीच्या नूतनीकरणाला) आपण कामाचे ४५० तास दाखवतो. पुढच्या खेपेला तुम्ही कुठले तास दाखवणार होतात? त्यात मॅनेजरच्या खुर्चीतले तासही असणारच होते, आणि एनएमसी ते धरतेही. रोटा (ड्युट्यांचं वेळापत्रक) लावणं, ऑडिट करणं, नव्या नर्सला तयार करणं, यात तुमचं नर्सिंगचंच ज्ञान कामाला येतं. पिन टिकवताना जे तास नर्सचे, तेच चूक झाल्यावर मॅनेजरचे कसे ठरतील?

हा मुद्दा या देशात फार पूर्वी निकालात निघाला आहे. ब्रिस्टलच्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचं प्रकरण तुमच्या कानावर असेल. तिथल्या हॉस्पिटल ट्रस्टचे मुख्य कार्यकारी जॉन रॉयलन्स शिक्षणाने डॉक्टर होते, पण त्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांचा हात नव्हता. मुलं दगावताहेत अशा सूचना मिळूनही त्यांनी पावलं उचलली नाहीत, म्हणून १९९८ मध्ये डॉक्टरांच्या परिषदेने त्यांचं नाव नोंदवहीतून काढलं. मी प्रशासक म्हणून काम करत होतो, हा त्यांचाही मुद्दा होता. १९९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अशा निकालांवरच्या तेव्हाच्या अपील कोर्टाने, तो फेटाळला. मॅनेजर झालेल्या कुणाही डॉक्टरने किंवा नर्सने हा युक्तिवाद केला, की तो इथेच येऊन अडतो. एनएमसीच्या आचारसंहितेत तर हे उघडच लिहिलं आहे. नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवा, दुसऱ्या कुणी त्यात फेरफार केल्याचं लक्षात आलं तर लगेच पाऊल उचला, हे दहाव्या कलमात आहे. माणसं, वेळ आणि धोके नीट हाताळून नेतृत्व करा, हे पंचविसाव्यात. वॉर्ड सोडून ऑफिसात बसलेल्या नर्सला त्यातून सूट नाही.

मला माहीत आहे, हे ऐकायला कडू आहे. आपण ज्या वॉर्डांत वाढलो तिथे रुग्णाला हात लावणं म्हणजे नर्सिंग आणि बाकी सगळं ‘पेपरवर्क’, अशीच समजूत असते. माझीही होती. नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी एका सरकारी रुग्णालयात रात्री ओव्हर (आधीच्या पाळीकडून ताबा) घेताना पेथिडिन या तीव्र वेदनाशामकाच्या अँप्यूल मोजायच्या असत. भरलेल्या वेगळ्या, वापरून रिकाम्या झालेल्या वेगळ्या. एका रात्री वॉर्ड भरलेला, दोन सीझर नुकतीच बाहेर आलेली, म्हणून मी वहीत आदल्या पाळीचाच आकडा उतरवला आणि सही केली. आकडा बरोबरच निघाला. तरीही सकाळी इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं. कपाटाचं कुलूप रात्रभर उघडलेलंच नाही, हे किल्लीच्या नोंदीवरून त्यांना कळलं होतं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पोरी, आकडा बरोबर असू दे. पण तू मोजलंस असं त्या सहीने सगळ्या वॉर्डाला सांगितलंस, आणि तू मोजलं नव्हतंस.” तेव्हा मला तो जाच वाटला होता. नंतर मी स्वतः इन्चार्ज झाले आणि माझ्या सहीवर विसंबून तीस खाटांची माणसं झोपायला लागली, तेव्हा त्यांचं म्हणणं उमगलं.

तुमच्या ऑडिटच्या सहीचं तसंच आहे. ‘जुना पॅच काढला’ हा वेगळा रकाना चार्टवर का आला ते तुम्ही माझ्याइतकंच जाणता, तरी या सदराच्या इतर वाचकांसाठी सांगते. फेंटानिलचा पॅच साधारण ७२ तास चालतो. पण बदलायची वेळ झाली म्हणजे तो रिकामा झाला असं नाही, त्यात बरंच औषध शिल्लक असतं. तो तसाच राहिला आणि दुसरा लागला, तर कातडीतून दोन्हींचं औषध आत जात राहतं. अंगात ताप असेल, पाठीला गरम पाण्याची पिशवी असेल, तर आणखी भराभर जातं. म्हातारं, किरकोळ शरीर आधी गुंगतं, मग श्वास मंदावतो. स्मृतिभ्रंश झालेली माणसं पॅच उपटून काढतात म्हणून तो पाठीवर वरच्या बाजूला लावायची पद्धत आहे. त्यामुळे तो त्यांना दिसत नाही आणि घाईत असलेल्या नर्सलाही दिसत नाही. म्हणून तो रकाना, म्हणून पॅच कुठे लावला याचं चित्र, म्हणून दुसऱ्या माणसाची साक्ष. ऑडिटच्या दिवशी तुम्ही तो चार्ट उघडला असता तर कदाचित आधीच्याही तारखांना तोच रकाना कोरा दिसला असता. कदाचित नसताही दिसला. ते आता कळणार नाही, आणि एनएमसी तुम्हाला हाच प्रश्न विचारणार आहे.

आता भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एनएमसीची चौकशी लांबते, कधी वर्षानुवर्षं. जुलै २०२४ मध्ये नझीर अफझल यांनी केलेलं एनएमसीच्या कामकाजाचं स्वतंत्र परीक्षण प्रसिद्ध झालं. संस्थेत वंशभेद आणि दादागिरी आहे, प्रकरणं तुंबली आहेत आणि त्यात माणसं खचताहेत, हे त्यात स्पष्ट नोंदवलेलं आहे. परक्या देशात, परक्या उच्चारांत, एकट्या बाईने या सगळ्याला तोंड देणं किती जड असतं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच या वाटेवर एकटीने चालू नका असं पुन्हा पुन्हा सांगते.

पण पत्र आलं म्हणजे पिन गेला, असं नाही. एनएमसीकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी पहिल्या छाननीतच बंद होतात. पुढे गेलेल्या प्रकरणांची चौकशी होते, मग दोन परीक्षक ती वाचतात. त्यांतला एक आपल्या व्यवसायातला आणि एक बाहेरचा असतो. तिथेही प्रकरण थांबू शकतं, सल्ला किंवा ताकीद देऊन मिटू शकतं. समितीपुढे सुनावणी झाली आणि आरोप सिद्ध झाले, तरी त्यानंतर एक स्वतंत्र प्रश्न विचारला जातो. ही व्यक्ती आज सुरक्षितपणे, माणुसकीने आणि व्यवसायाला शोभेल असं काम करू शकते का? म्हणजे मागे काय घडलं एवढ्यावरच निकाल लागत नाही. त्यानंतर तुम्ही काय केलंत, त्यालाही मोल आहे. शिक्षाही एकच नाही. एक ते पाच वर्षांची ताकीद असते, जास्तीत जास्त तीन वर्षं अटींवर काम असतं, एक वर्षापर्यंत निलंबन असतं आणि अगदी शेवटी नाव काढणं. तसं झालं तर पाच वर्षं परत अर्जही करता येत नाही. धोका मोठा वाटला तर निकालाआधीच अंतरिम बंदी किंवा अटी घालता येतात, तीही शक्यता तुम्ही मनाशी धरून ठेवा. निकाल मान्य नसेल तर २८ दिवसांत हायकोर्टात अपील आहे.

आणि आता मूळ गोष्ट. जुना पॅच राहणं ही चूक आहे. अपुऱ्या माणसांत, तीन दिवस फ्लोअरवर उभं राहून वर मॅनेजरचं काम ओढताना ऑडिट राहून जाणं, हीही समजण्यासारखी चूक आहे. अशा चुका दुरुस्त होतात. शिक्षण घेता येतं, देखरेखीखाली काम करून दाखवता येतं, आणि समित्या हे मानतात. पण न पाहिलेल्या चार्टवर ‘पाहिलं’ अशी सही, मागाहून भरलेला रकाना पाहून गप्प राहणं, आणि मुलीला अर्धं सांगणं, या तिन्ही गोष्टी प्रामाणिकपणात मोडतात. औषधाची चूक सुधारल्याचं दाखवायला प्रशिक्षणाचा दाखला असतो, खोटेपणा सुधारल्याचं दाखवायला असा कुठलाच दाखला मिळत नाही. लपवाछपवी एनएमसी फार गंभीर धरते ती त्यामुळेच. तिच्यावर उतारा म्हणून एकच गोष्ट चालते. ती उघडकीला यायच्या आत, किंवा निदान दुसऱ्या कुणी सिद्ध करायच्या आत, स्वतः सांगणं. तुमच्या हातात ती अजून आहे. दोन महिन्यांनी असेलच असं नाही. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्या पहाटे चार्ट पाहिला असेल, त्याची प्रत हॉस्पिटलबरोबर गेली असेल, एखाद्या केअररने तो कोरा रकाना पाहिला असेल. तुम्हाला वाटतं हे तुम्हा दोघींनाच माहीत आहे. मला तशी खात्री वाटत नाही.

वेस्ट ससेक्समधल्या ऑर्किड व्ह्यू या केअर होमचं नाव आपल्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ते २०११ मध्ये बंद पडलं. २०१३ च्या मृत्यूचौकशीत १९ रहिवाशांना नीट शुश्रूषा मिळाली नव्हती आणि पाच जणांच्या मृत्यूला दुर्लक्षाचा हातभार लागला होता, असा निष्कर्ष निघाला. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जास्त डोस गेलेल्या एका आजींचे औषधांचे चार्ट नष्ट करायला सांगितलं गेलं, अशी साक्ष तिथे झाली, आणि ती साक्ष आतल्याच कर्मचारी बाईंची होती. तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही, याची मला जाणीव आहे. सांगायचं एवढंच की कागद बदलला तरी तो बदलताना पाहणारी माणसं तिथेच काम करत असतात.

तुमच्या लातूरच्या बहिणीबद्दल. तुम्ही तिला वाचवलंत असं तुम्हाला वाटतं. मी तिच्या जागी बसून बघते. ती नवी आहे, घाबरलेली आहे, चूक झाल्यावर तिने एक भयंकर निर्णय घाईत घेतला. त्या घटकेला तिला हवी होती ती इन्चार्ज. “बाळा, तो रकाना तू आत्ता भरलास. त्यावर आत्ताची वेळ घाल, ‘उशिराने केलेली नोंद’ असं लिही आणि खरं काय झालं ते लिही. मी तुझ्या शेजारी बसते,” असं सांगणारी. उशिरा नोंद करण्याची ही सरळ, मान्य पद्धत आहे. तुम्ही गप्प राहिलात तेव्हा तिची चूक होती तिथून लबाडीच्या खात्यात गेली आणि तिथेच राहिली. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपण सगळ्या ‘आपली पोरगी आहे’ म्हणून पोटात घालतो, परदेशात तर जास्तच. पण मोठ्या बहिणीचं आणि मॅनेजरचं काम त्या सकाळी एकच होतं.

आता मात्र तिच्याशी या विषयावर बोलू नका. जबाब काय द्यायचा हे दोघींनी मिळून ठरवलं, तर ते कट केल्यासारखं दिसेल, आणि तसंच असेलही. कुणाच्या तरी तोंडून तिला एवढंच कळू द्या की तिने स्वतःचा वेगळा प्रतिनिधी घ्यावा. दोघींसाठी एकच वकील किंवा युनियनचा एकच माणूस नको, कारण तुमचं हित आणि तिचं हित कधीही एकमेकांसमोर उभं राहू शकतं.

राजीनाम्याचं पाहू. कंपनी तो मागते आहे यात तिची सोय आहे. इन्स्पेक्शनला ‘संबंधित मॅनेजर आता इथे नाहीत’ एवढं सांगता येतं. त्याने तुमची एनएमसीची चौकशी थांबत नाही. बाहेर पडलात की रोटा, एजन्सीकडे केलेल्या मागण्या, नर्स द्या म्हणून वर पाठवलेले ईमेल, यांपर्यंत पोचणं मात्र अवघड होतं, आणि तुमच्या बाजूने बोलणारे कागद तेच आहेत. त्यात तुमचा व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर असेल, तर नोकरी सुटल्यावर होम ऑफिसचं (ब्रिटनच्या गृहखात्याचं) पत्र येतं आणि बहुधा ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो. म्हणून कुणी समोर कागद ठेवून ‘आजच सही करा’ म्हटलं तर करू नका. तडजोडीचा करार असेल तर तो स्वतंत्र सल्लागाराने तुम्हाला समजावल्याशिवाय कायद्याने बांधतच नाही. आणि धोक्याची गोष्ट योग्य ठिकाणी सांगण्यापासून तुम्हाला रोखणारं कलम त्यात घातलं, तरी ते चालत नाही. नीट सल्ला घेऊन, योग्य शब्दांत, योग्य वेळी मॅनेजरपद सोडणं ही वेगळी गोष्ट. ते कदाचित तुमच्या हिताचंही ठरेल. त्याच होममध्ये किंवा दुसरीकडे साध्या नर्सच्या जागेवर परतणं यात मला काही कमीपणा दिसत नाही. मिरजेच्या घरी ‘मॅनेजर झाली’ म्हणून पेढे वाटले असतील, त्याचं ओझं मनावर घेऊ नका.

आणि मिरज. तुमच्या यजमानांचं प्रेम मला कळतं. पण चौकशी चालू असताना फी न भरून नाव आपोआप गळून पडत नाही. नाव काढून घ्यायचं तर अर्ज करावा लागतो, आणि तो मान्य करायचा का ते एनएमसी ठरवते. तुमच्या मागे, तुमच्या अनुपस्थितीत सुनावणी होऊ शकते. उद्या दुबई, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठेही अर्ज केलात तर तिथली परिषद एनएमसीकडून तुमची माहिती मागवणारच. परत जायचं असेल तर खुशाल जा, मुलांसाठी जा, आईवडिलांसाठी जा. पळून गेलात तर हे प्रकरण तुमच्या बॅगेतून बरोबरच येईल.

सोमवारी काय करायचं ते सांगते. युनियनच्या सदस्य असाल तर पहिला फोन तिथे. घटना घडली तेव्हाही सदस्य होतात ना, हे ते विचारतील. नसाल तर व्यावसायिक शिस्तीच्या प्रकरणांत काम करणारा वकील शोधा, साधा व्हिसाचा वकील नव्हे. एनएमसीला दिलेल्या मुदतीत उत्तर गेलंच पाहिजे, पण त्या माणसाने वाचल्याशिवाय एक ओळही पाठवू नका. चार्ट, ऑडिटचा फॉर्म, ओव्हरची वही, कशालाही आता हात लावायचा नाही, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. रहिवाशांच्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. स्वतःला वाचवायच्या घाईत गोपनीयता मोडून दुसरा आरोप ओढवून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जे कागद हवेत ते तुमचा प्रतिनिधी रीतसर मागवील.

मग एका रात्री, मुलं झोपल्यावर, त्या महिन्याचा सगळा क्रम फक्त तुमच्या प्रतिनिधीसाठी लिहून काढा. मराठीत लिहा, इंग्रजीत नंतर बघू. कुठल्या दिवशी कितीजणी कमी होत्या, तुम्ही कुणाला कधी सांगितलंत, लेखी की तोंडी, त्यांचं उत्तर काय आलं. एनएमसी कामाच्या जागेची परिस्थिती विचारात घेते, आणि ४६ माणसांच्या होममध्ये मॅनेजरलाच औषधांची ट्रॉली ढकलावी लागत असेल तर ती जबाबदारी एकट्या मॅनेजरची नाही, चालवणाऱ्यांचीही आहे. हे जरूर लिहा. पण ते सहीच्या कबुलीनंतर लिहा, आधी नव्हे. आधी लिहिलंत तर ती सबब वाटते.

तुमच्या चार पानी पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही, ती इथे सांगते, कारण उद्या तुम्हाला आत्मपरीक्षणाचं निवेदन लिहावं लागेल तेव्हा समितीही तीच शोधेल. त्या आजी आता कशा आहेत, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. परत आल्या का? पॅचऐवजी आता काय चालू आहे? दुखतं का त्यांना? तुम्ही निर्दय आहात म्हणून हे राहिलं असं मला अजिबात वाटत नाही. भीतीने माणसाला स्वतःपलीकडचं दिसेनासं होतं. पण निवेदनाची पहिली ओळ आजींबद्दल असू दे, पिनबद्दल नको. प्रशिक्षणही त्या अंगानेच निवडा. नियंत्रित औषधांचं, पॅचचं, ऑडिट कसं करायचं याचं. मग परवानगी असेल तर दुसऱ्या नर्सला शेजारी उभं करून सलग दोन-तीन महिने खरोखरचं ऑडिट करा आणि त्यातून काय काय सापडलं ते जपून ठेवा. असा एक कागद दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

राहिली आजींची मुलगी. अशी गंभीर घटना घडली की रहिवाशाला आणि घरच्यांना खरं सांगणं, माफी मागणं आणि ते लेखी देणं, हे १ एप्रिल २०१५ पासून इथल्या केअर होमना कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे हे कंपनीचंही काम आहे, आणि तुम्ही रजिस्टर्ड मॅनेजर म्हणून ते लेखी मागू शकता : ‘कुटुंबाला पूर्ण माहिती दिली गेलेली नाही, ती द्यायची आहे.’ हा ईमेल तुमच्या प्रतिनिधीला दाखवून या आठवड्यातच पाठवा. माफी मागितली की दोष कबूल झाला, ही आपल्याकडची जुनी भीती आहे. इंग्लंडमध्ये २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यात लिहिलेलं आहे की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. भेट ठरली तर कंपनीच्या माणसाबरोबर जा, एकटीने तिच्या दारात जाऊ नका.

अशीच बढती समोर असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं. मॅनेजरपद स्वीकारण्याआधी लेखी विचारा की आठवड्यातले किती तास तुम्ही नर्सच्या मोजणीत धरल्या जाणार नाही. ‘गरज पडली तर थोडं फ्लोअरवर’ हे उत्तर घेऊ नका, आकडा घ्या. औषधांचं ऑडिट कोण करणार, ती व्यक्ती आजारी पडली तर कोण, आधीची मॅनेजर किती महिने टिकली आणि का गेली, हेही विचारा. त्या होमचा सीक्यूसीचा अहवाल वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येतो, तो मुलाखतीआधी वाचा. आणि जे ऑडिट झालं नाही त्यावर ‘झालं नाही, माणसं नव्हती’ असं लिहून सही करायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. वरची माणसं कुरकुरतील. पण तो फॉर्म तुमच्या बाजूचा पुरावा होतो आणि रहिवाशासाठी धोक्याची घंटा होते. पुण्या-मुंबईत वृद्धाश्रम किंवा होम नर्सिंग ब्युरो सांभाळणाऱ्या नर्सेसनी हे फक्त विलायतेचं समजू नये. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली आपल्या परिषदेलाही गैरवर्तनासाठी नोंदवहीतून नाव काढता येतं, आणि तिथल्या आजींच्या पाठीवरही तोच पॅच असतो.

ताई, आजींच्या मुलीसमोर बसाल तेव्हा लांब प्रस्तावना करू नका, ती ऐकूच जात नाही. “तुमच्या आईच्या अंगावर त्या रात्री दोन पॅच होते. ते आमच्याकडून झालं. त्या दिवशी मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मला क्षमा करा.” एवढं बोला आणि थांबा. ती रडेल, चिडेल, उठून जाईल. जे करेल ते करू द्या, मध्ये बोलू नका. मग तिच्या आईची आजची तब्येत विचारा, आणि मलाही कळवा.